देवरावची बारी

भिंतीपलीकडच्या खोलीतली मुलगी सकाळपासून एकच उत्तर पाठ करते आहे. "व्यवसाय संस्थेत माहिती प्रणालीची भूमिका पुढीलप्रमाणे आहे." तिथे ती अडते, पाणी पिते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची. मी भाकरी थापता थापता पुढची वाक्यं मनात म्हणते. निर्णय घेण्यास मदत होते. कामावर नियंत्रण ठेवता येते. वेळेची बचत होते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. शाळेतली एक कविता धड आठवत नाही, पण हे उत्तर येतं. ते त्या एका उन्हाळ्यात माझ्या अंगात गेलं, आणि त्या उन्हाळ्यात अंगात गेलेलं काहीच पुन्हा बाहेर निघालं नाही.

परीक्षा आल्या की नागपुरात ऊन दगडासारखं पडतं. सकाळीच वाडीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. ट्रकवाले टायरवर पाणी मारतात, त्याची चर्रकन वाफ होते. माणसं खिशात कांदा ठेवून निघतात आणि तोंडाला दुपट्टा असा बांधतात की फक्त डोळे दिसावेत, जशी सगळी वस्ती दरोड्याला निघाली आहे. कुत्री नालीतल्या चिखलात पोट टेकवून पडतात. दुपारी टिनाचं छप्पर तडतड वाजतं, कोणी वरून खडे मारावेत तसं. नेमक्या याच दिवसांत पोरांना पुस्तकापुढे कोंडायचं कोणी ठरवलं, कोण जाणे. डोकं आधीच भाजून निघालेलं असतं आणि त्यात एकेक वाक्य ठोकून बसवायचं असतं.

तेव्हा मी अमरावती रोडवरच्या एका गोदामात पोती शिवत होते. गोदामातलं सगळं काम भोसकण्याचं. हमालाच्या हातातला हूक कट्ट्यात, म्हणजे भरलेल्या पोत्यात, घुसतो, कट्टा पाठीवर येतो, आणि हूक जिथे घुसला तिथे जखम राहते. त्या जखमेतून तूर गळते, साखर गळते. ती शिवायला मी. माझ्याजवळ वीतभर लांब दाभण आणि सुतळीचा गुंडा. तिकडे दिवसभर फाडणं, इकडे दिवसभर शिवणं, आणि दोन्ही एकाच घरातलं, कारण फाडणाऱ्यांच्या टोळीत अस्मिताचे बाबा होते.

अस्मिता आमची एकुलती मुलगी. त्या वर्षी ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. माझ्या माहेरात आणि सासरात मिळून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. तिचा शेवटचा पेपर आणि त्यानंतरची तोंडी परीक्षा, एवढंच राहिलं होतं. ते झालं की ती सुटली, आणि तिच्यामागून आम्ही सुटलो, असं मी मनात धरलं होतं. बोलले कोणाजवळच नव्हते.

टोळीचे मुकादम शालिकभाऊ. पाठीला बाक आलेला, पण आवाज ट्रकच्या हॉर्नला मागे सारणारा. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून ते एकेकाचं नाव पुकारायचे. नाव ऐकलं की हमाल म्हणायचा, "आहे." तेवढं म्हटलं की त्याची बारी लागली, त्या दिवसाच्या कामात त्याचा वाटा झाला. मधे कागद नव्हता. ऑफिसातले लोक शालिकभाऊंना विचारायचे आणि ते तोंडानं सांगायचे.

हिवाळ्यात देवराव मेला. तुरीच्या कट्ट्यांची थप्पी वरून ढासळली आणि तो तिच्याखाली गेला. कट्टे बाजूला करायला धावले, पण हूक मारता येईना, कारण खाली माणूस होता. सगळ्यांनी नखांनी ओढले. ह्यांच्या दोन बोटांची नखं तेव्हा गेली. फुटलेले कट्टे दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन पडले. माल चांगला आहे, शिवून टाका, असं वरून सांगणं आलं. मी शिवले. तागाला लागलेलं रक्त वाळलं की ताग ताठ होतो, दाभण सहज जात नाही, तळहाताचा जोर लावावा लागतो. तो जोर माझ्या हाताला अजून आठवतो.

टोळीची जुनी रीत होती. काम करता करता जो मेला त्याचं नाव वर्षभर उतरवायचं नाही. शालिकभाऊ रोजच्यासारखे पुकारायचे, "देवराव!" आणि सगळी टोळी एका आवाजात म्हणायची, "आहे!" मग त्याच्या वाट्याचे कट्टे सगळ्यात आधी उचलायचे. ते होईपर्यंत कोणी चहा घ्यायचा नाही. ते उचलताना कोणी शिवीही द्यायची नाही, आणि हमालाला शिवीशिवाय कट्टा उचलायला लावणं म्हणजे मुक्याला लग्नात गाणं म्हणायला लावण्यासारखं. त्याचा वाटा त्याच्या बायकोकडे, वच्छलाकडे जायचा. ऑफिसात ह्याची कोणाला खबर नव्हती.

एकदा ते कट्टे संपवून घाम पुसताना अस्मिताचे बाबा म्हणाले, "जिता होता तवा दहाच्या आत कधी आला नाही. मेल्यावर पहिल्या नंबरानं येऊन राहिला बे!" सगळे पोट धरून हसले. वच्छलाला कळलं तेव्हा ती रडता रडता हसली. म्हणाली, "मी जिंदगीभर बोंबलली, माह्यं नाही ऐकलं. तुमचं बरं ऐकते."

हे मी इतकं लांबवून लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात पुढे जात नाही.

उन्हाळा लागला आणि गोदामात हजेरीचं मशीन आलं. अंगठा टेकवायचा, मशीन नाव सांगणार. ऑफिसच्या काचेच्या खोलीत नवा कॉम्प्युटर आला, छताला कॅमेरे लागले. पण हमालांचे अंगठे तागानं घासून घासून गुळगुळीत झालेले. मशीनला एकही ओळखू येईना. कोणी अंगठ्याला लिंबू चोळलं, कोणी खोबरेल लावलं. "माह्या बायकोले ओळखू येते, ह्याले येत नाही," असं म्हणून हसण्यावारी नेलं. म्हणून मशीन सुरळीत चालेपर्यंत शालिकभाऊंचं पुकारणंच चालू होतं.

त्याच दिवसांत अस्मिताला कॉलेजनं तोंडी परीक्षेसाठी अभ्यासाचं काम दिलं. एखाद्या धंद्याच्या ठिकाणी जाऊन तिथली माहिती प्रणाली पाहायची आणि तिच्यावर लिहायचं. दुसरीकडे कोण तिला उभं करणार? ती माझ्याबरोबर गोदामात येऊ लागली. काचेच्या खोलीत बसून नावं भरून द्यायची, मॅनेजरसाहेब सांगतील ते टाइप करायची. मी खाली पोत्यांच्या ढिगात बसायची. मान वर केली की काचेपलीकडे तिची वेणी दिसायची. त्या खोलीत एसी होता. आमच्या घामाचा वास तिथपर्यंत जात नसेल, असं मला बरं वाटायचं.

घरी ती जोरात म्हणून पाठ करायची. दाराला ओली चादर टांगलेली, पंख्याची गरम हवा, आणि तिचं चाललेलं, "माहिती म्हणजे संस्कार करून उपयोगी केलेली आकडेवारी." मी विचारलं, संस्कार म्हणजे काय? ती म्हणाली, "आई, तू गळलेली तूर चाळतेस ना, तसं." मी समजले. ह्यांनी कूस बदलून म्हटलं, "रातदिवस कायची बडबड लावली वं? झोपू दे." पण त्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना ते आवडत होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळायचं.

मग तिच्या कॉलेजचे सर तिचं काम पाहायला गोदामात आले. साधे गृहस्थ होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. दुपारची वेळ, हमाल सावलीत जेवत होते. काचेच्या खोलीचं दार उघडं होतं आणि मी दाराखालीच बसले होते. अस्मितानं सगळं नीट सांगितलं. मॅनेजरसाहेब खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. शेवटी सरांनी विचारलं, "कॉम्प्युटर यायच्या आधी इथं कोणती व्यवस्था होती?"

माझ्या मुलीचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "होती सर, खूप चांगली होती." आणि तिनं पुकारण्याची रीत सांगितली. मग देवरावचं सांगितलं. त्याचं नाव कसं घेतात, टोळी कशी उत्तर देते, त्याचे कट्टे सगळ्यात आधी कसे उचलतात. "कोणाच्या घरात काय झालं आहे, हे या व्यवस्थेला माहीत असतं," ती म्हणाली. सर म्हणाले, "वा! हे पुस्तकात नाही मिळत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं.

मॅनेजरसाहेब हसले. "म्हणजे मेलेला माणूस रोज हजेरी लावतो का इथं?"

माझं दाभण पोत्यात अर्धं गेलेलं होतं, ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकभाऊ फाटकाशी उभे राहिले. नावं पुकारत पुकारत आले. "देवराव!" टोळी म्हणाली, "आहे!" आणि मॅनेजरसाहेब आतून बाहेर आले. "कुठे आहे? दाखव मला."

मोकळ्या ट्रकची एक साखळी तेवढी हलत होती.

"दाखव ना देवराव. चोर साले."

शालिकभाऊ म्हणाले, "साहेब, त्याच्या वाट्याचं काम होते ना? कमी पडते काय? आमच्याच हाडातून काढून देऊन राहिलो जी, तुमच्यातून नाही."

"या म्हाताऱ्याला बाहेर काढा," असं मॅनेजरसाहेबांनी म्हटल्यावर पहारेकऱ्यानं शालिकभाऊंची गचांडी धरली. त्यांनी हात जोडले होते, म्हणून तोल सावरायला हात मोकळे नव्हते. ते मागच्या मागे गेले आणि त्यांचं डोकं ट्रकच्या फाळक्यावर आपटलं. तो आवाज नारळ फुटल्यासारखा होता. फाटकाशी मातीत रक्त पडलं आणि त्या उन्हात बघता बघता काळं झालं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. आधी कोणी ओरडलंच नाही. सगळ्यांनी कमरेचे हूक काढले, एवढाच आवाज, लोखंडाचा. पहारेकरी पळाला. हजेरीचं मशीन भिंतीतून उपटून निघालं, मागे तारा लोंबत. मग काचेच्या खोलीवर पहिला हूक बसला. काच एकदम फुटली नाही, तिच्यावर पांढरं जाळं पसरलं. दुसरा बसला, तिसरा बसला, आणि सगळी भिंत पाण्यासारखी खाली आली. मॅनेजरसाहेबांना टेबलावरून ओढलं. मी त्यांना मारताना पाहिलं. कट्टा उचलणारी माणसं मारतात तेव्हा कट्ट्यासारखंच मारतात. वाकून, दम घेऊन, कामासारखं. त्यांचे दात काचेच्या चुऱ्यात पडले आणि कोणते दात, कोणती काच, कळेना. कॉम्प्युटर जमिनीवर पडूनही त्याचा दिवा चालू होता. त्यावर लाथा बसत होत्या.

आणि त्या खोलीत माझी मुलगी होती. टेबलाच्या मागे, डोक्यावर हात घेऊन.

"फोडलं कोनं? त्याले सांगतलं कोनं?" मागून कोणी ओरडलं.

दुसऱ्यानं उत्तर दिलं, अस्मिताच्या बाबांकडे पाहून. "कोनं म्हनून काय विचारता? ह्याच्याच पोरीनं. काल त्या मास्तरपुढे पोपटासारखी बोलत होती."

सगळे थांबले आणि ह्यांच्याकडे वळले. ज्याच्या घरातून घात झाला त्यानंच तो निस्तरायचा, हे कोणाला सांगावं लागलं नाही. हे काचेवरून चालत आत गेले. अस्मिता उभी राहिली. तिला वाटलं, बाबा घ्यायला आले.

"बाबा, मी त टोळीचं चांगलंच सांगतलं," ती म्हणाली.

त्यांनी हूक डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं तिच्या कानशिलात मारली. शंभर किलोचा कट्टा उचलणारा हात. ती टेबलावर आपटून खाली गेली आणि तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली. कोणी हललं नाही. ती टेबलाला धरून उठली, आणि त्यांनी हात पुन्हा उचलला.

मी कधी आत गेले ते मला माहीत नाही. पोत्याच्या दोन्ही थरांतून एका दमात दाभण काढायची माझ्या हाताला सवय. ते त्यांच्या उचललेल्या तळहातात गेलं आणि मागून निघालं. त्यांनी आधी दाभणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

वस्तीतले लोक पुढे म्हणायचे, बापानं मारलं म्हणून पोरगी वाचली, नाहीतर टोळीनं तिला सोडलं नसतं. मी हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. तसं असेलही. पण पहिल्या थापडीनं ते काम झालं होतं. दुसरी कोणासाठी होती? मला पस्तावा नाही. ते भोक त्यांच्या हातावर अजून आहे, पांढरं, वाटाण्याएवढं. ताट वाढताना दिसतं. मी वाढते, ते जेवतात.

सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं एका रिक्षात गेलो. खिडकीवरच्या बाईनं कॉम्प्युटरवरून डोळे न काढता विचारलं, कशानं लागलं? हे म्हणाले, हूक लागला. अस्मिता म्हणाली, काच लागली. बाईनं बटणं दाबली. दोन खोट्या गोष्टी अगदी व्यवस्थित आत गेल्या आणि दोन खऱ्या चिठ्ठ्या बाहेर आल्या. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला आहे, आतलंही दुखावलं आहे, हा कान आता कामाचा नाही.

कॅमेरे मात्र फुटले नव्हते. पोलिसांनी ह्यांना बोलावून पडद्यावर सगळं दाखवलं. कोणी काच फोडली, कोणी मॅनेजरला धरलं, सगळे चेहरे स्वच्छ. त्यात ती थापडही आली. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "हा तूच ना? मुलगी कोण?" हे म्हणाले, "माझीच." साहेब म्हणाले, "बरं, पुढे घ्या." मग मी आले, दाभणासकट. "ही?" "बायको." "पुढे घ्या." ह्यांनी काचेला हात लावलेला नव्हता, म्हणून ह्यांना घरी पाठवलं. मुलीला लावला होता, पण तो कोणाच्या हिशेबात बसत नव्हता. बाकीचे आत गेले. टोळीला फाटक बंद झालं. ठेकेदाराची माणसं आली, त्यांच्या गळ्यात कार्डं. आता त्या रस्त्यानं जाताना कोणाचं नाव पुकारलेलं ऐकू येत नाही. मशीनची टिक तेवढी येते.

मग सुरू झाला आमच्या खोलीतला उन्हाळा. बाहेर ऊन, आत बाप, लेक आणि मी. हे पट्टी बांधलेला हात छातीशी धरून भिंतीला टेकून बसायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेपर-गिपर काही नाही आता. ह्या पुस्तकानं टोळी खाल्ली." आणि चांगल्या हातानं तिची पुस्तकं उचलून बाहेर उन्हात फेकली. मी जाऊन आणली. तव्यावरच्या भाकरीसारखी गरम होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फेकली, मी पुन्हा आणली. त्यांनी फेकायची, मी आणायची, तिनं उघडायची. उन्हानं पुस्तकांचा डिंक वितळला, पानं सुटली. मी ती सुतळीनं शिवून टाकली.

ती पुन्हा मोठ्यानं पाठ करू लागली, पण आवाज वाढला होता. स्वतःचं स्वतःला ऐकू यावं म्हणून ओरडायची. निर्णय घेण्यास मदत होते! कामावर नियंत्रण ठेवता येते! जणू कोणाशी भांडते आहे. तेव्हाच ते सगळं मला पाठ झालं.

एक दिवस वच्छला आली. उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही. अस्मिताची डावी बाजू दाराकडे होती. वच्छला म्हणाली, "एकदा थप्पीनं मारलं त्याले. दुसऱ्यांदा तू मारलं, पोरी. माह्या घरात आता त्याचं नावबी नाही येत." आणि ती जशी आली तशी गेली. अस्मितानं पुस्तकातून मान वर केली. "कोण होतं आई? काय म्हणत होतं?"

"वच्छलाकाकू. तुझी तब्येत विचारत होती."

ती हसली. "चांगली बाई आहे," म्हणाली. ते हसू मला दाभणापेक्षा खोल गेलं.

पेपरच्या आदल्या आठवड्यात शालिकभाऊ आले. डोक्याला पट्टी, काठी टेकत. पाणी प्यायले, घाम पुसला आणि अस्मिताला जवळ बसवलं. माझ्या उजव्या कानाकडे बसा, असं तिनं सांगितलं.

"पोरी, तू सांगतलं ते खोटं होतं काय?"

"नाही आबाजी."

"खरं होतं. मंग कोनाले सांगून राहिलो, हे त पाहाचं होतं वं."

"सरांनी विचारलं, आबाजी. मले वाटलं, कॉम्प्युटरवाल्यायले दाखवावं. आपल्याजवळबी होतं काही."

म्हाताऱ्यानं काठीच्या टोकानं जमीन टोकरली. "हाव," म्हणाला. "मलेही तसंच वाटलं असतं."

हे भिंतीकडून बोलले, "भाऊ, तिच्यापायी टोळी तुटली."

"टोळी साहेबानं तोडली गा. अन् तुटली त तुटली. आता टोळीच नाही, त तू कोन्या टोळीच्या रितीनं पोरीले कोंडून राहिला?"

"घरची रीत आहे."

"घरची रीत?" शालिकभाऊंनी काठी ह्यांच्या पट्टीकडे केली. "घरच्या रितीनं त तुह्याच हाताले भोक पाडलं, पाह्य!"

आधी अस्मिता हसली. मग शालिकभाऊ हसले आणि डोकं दुखलं म्हणून कण्हले. मी पदर तोंडात धरला. शेवटी ह्यांच्याही मिशा हलल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तकं जागच्या जागी होती. परवानगी म्हणून आमच्या घरात तेवढंच मिळालं, आणि तेवढं पुरलं. तिच्या कॉलेजच्या कामावर गोदामाचा शिक्का मिळणं शक्यच नव्हतं. पण सरांनी स्वतः येऊन पाहिलं होतं, त्यांनी आपल्या सहीवर तिचं काम मंजूर केलं.

त्यानंतर हे तिच्या डाव्या बाजूला बसू लागले. ती वाचत असायची, हे शेजारी येऊन बसायचे आणि तोंडातल्या तोंडात बोलायचे. आधी मला वाटलं, उन्हानं भ्रम झाला. मग एकदा मी ऐकलं. "लई जोरात लागलं काय वं, माय?" असं विचारत होते. थांबत होते, पुन्हा विचारत होते. त्या कानाला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच ते त्या बाजूला बसत होते. मी काही तिला सांगितलं नाही.

आता अस्मिता एका बियाण्याच्या दुकानात दिवसभर कॉम्प्युटरवर बसते. कोणता माल कुठे गेला, कुठे संपला, सगळं तिच्या बोटांवर. रस्ता ओलांडताना मला आजही तिच्या डावीकडून चालावं लागतं, कारण त्या बाजूनं येणारा ट्रक तिला उशिरा कळतो. नोकरी लागली, पगार येतो, तरी उन्हाळा आला की झोपेत कानावर हात ठेवते. पलीकडच्या मुलीचं घोकणं तिलाही ऐकू येत असेल, एका कानानं. त्या मुलीला जाऊन काही सांगावं असं मला सारखं वाटतं. काय सांगावं ते सुचत नाही.

त्या उन्हाळ्यात अस्मिताचा लेखी पेपर झाला. मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. ती सकाळी गेली आणि दुपारी परत आली, तोंड उन्हानं लाल. मी तिघांचं ताट वाढलं, चून-भाकर आणि कांदा. मग हे उठले, ताट घेऊन तिच्या उजव्या बाजूला आले आणि बसले.

"काय विचारलं?"

"बाहेरून आलेले सर होते. कॉम्प्युटरच्या आधी गोदामात कोणती व्यवस्था होती, ते विचारलं."

त्यांचा घास हातातच राहिला. "मंग?"

"मी म्हटलं, कोणतीच नव्हती."

"कोणतीच नव्हती?"

"हाव. मार्क कापले त्यांनी. म्हणाले, इतके दिवस तिथं बसून तुम्ही पाहिलं काय? पास होईन बाबा, काठावर."

मला वाटलं, हे सुटल्यासारखे होतील. पोरगी शिकली, कुठे बोलू नये ते शिकली. पण त्यांनी घास ताटात परत ठेवला. चेहरा असा झाला की जणू थापड आता त्यांनाच बसली आहे.

"असं काहून म्हटलं वं?" ते म्हणाले. "होती ना."

"तुम्हीच त मारलं बाबा, सांगतलं म्हणून."

बाहेर एक ट्रक उलटा सरकत होता. तो थांबला. मग अस्मिताचे बाबा सांगायला लागले. देवरावपासून नाही, त्याच्या पुष्कळ आधीपासून. ते टोळीत आले त्या वर्षी कोणाचं नाव चालू होतं, तो कशाखाली मेला, त्याचे कट्टे कोणी उचलले, वर्ष संपलं त्या सकाळी शालिकभाऊ त्याच्या नावावर येऊन कसे थांबले. मग दुसरा. मग तिसरा. भाकरी गार होऊन ताठ झाली. ती नावं मी इथे लिहीत नाही. अस्मितानं मान वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला होता. पेन तिच्या जवळच पडला होता, आणि तिनं एकही शब्द लिहून घेतला नाही.